धुऱ्यावरची बाभूळ, हिरडा आणि पायातला जोडा : गावात कमी प्रदूषणात चामडं कसं कमवावं

बाभळीच्या सालीनं कमावलेलं चामडं म्हणजे पर्यावरणाला निर्धोक, असं हल्ली सर्रास लिहिलं-बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. क्रोम, म्हणजे चामडं कमवायचं क्रोमियमचं रसायन, टाळलं हे चांगलंच, पण कातड्याला लावलेलं मीठ नाल्यात गेलं, चुन्याचा गाळ विहिरीच्या काठाला पडला आणि सालीचं काळं पाणी उताराला सोडून दिलं, तर त्या नाल्याला आणि विहिरीला सालीचा काहीच उपयोग झाला नाही. गावपातळीवरच्या छोट्या कामात खरी सुधारणा मीठ, पाणी आणि चुना या तीन ठिकाणी होते. साल त्यानंतर येते. म्हणून या लेखात मिठावर आणि पाण्यावर जरा जास्त वेळ थांबणार आहे.

विदर्भाला या कामाची जुनी ओळख आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं आणि जवळच नालवाडीच्या चर्मालयात मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं काम चालायचं. कच्चा माल गावातला, साल जवळच्या रानातली आणि गिऱ्हाईक पंचक्रोशीतलं, ही त्यामागची मांडणी आजही लागू पडते. त्या काळी सांडपाण्याकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. आज ते द्यावंच लागेल.

आधी ठरवा : कमवायचं की तयार चामडं घ्यायचं

बहुतेकांना माझा सल्ला एकच असतो. जोडे-चपला बनवायच्या असतील तर चामडं विकत घ्या आणि सगळी मेहनत शिवणकामावर घाला. कातडं कमावण्याचा उद्योग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या, श्रेणीत मोडतो. कुंड बांधण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. आपलं काम लहान आहे, असं सांगून सुटका होत नाही. फक्त कापणं-शिवणं करणाऱ्यांना नियम बरेच सौम्य आहेत.

स्वतः कमवायचंच असेल तर एकट्याच्या घरामागे न करता चार-पाच गावांनी मिळून एकच शेड उभारावी. बचत गट, सहकारी संस्था किंवा ग्रामसभेच्या जागेवरचं सामाईक केंद्र, यातलं काहीही चालेल. पाच घरांच्या मागे पाच खड्डे असले की पाचही गळतात. एका पक्क्या शेडवर लक्ष ठेवता येतं. जागा विहीर, हातपंप आणि नाल्यापासून लांब व उंचावर हवी, जमिनीला फरशी किंवा सिमेंटचा कोबा हवा आणि सगळे हौद पक्के, झाकण असलेले हवेत. काळी जमीन उन्हाळ्यात फाटते. तिच्या भेगांतून हौदातलं पाणी किती खोल गेलं, हे कुणाला दिसतही नाही.

क्रोम गावात वापरू नये, हे माझं ठाम मत आहे. जगातलं बहुतांश चामडं क्रोमनंच कमावलं जातं, कारण त्यात काम एक-दोन दिवसांत होतं आणि चामडं मऊ निघतं. पण नेहमीच्या पद्धतीत घातलेल्या क्रोमपैकी साधारण दोन तृतीयांशच कातड्यात शिरतं, बाकीचं पाण्यात राहतं. ते वेगळं काढून परत वापरण्याची यंत्रणा मोठ्या कारखान्याला परवडते. शेडमध्ये ती उभी राहत नाही.

कातडं शेडमध्ये येण्याआधी

महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. गाईवरची बंदी जुनीच होती, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही तिच्यात आले. त्यामुळे गाई-बैलांचं कातडं मिळणार ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचं. म्हशीचं आणि शेळीचं कातडं परवानाधारक ठिकाणाहून घेता येतं. प्रत्येक कातड्यामागे कागद ठेवा. जनावर कुणाचं, कधी आणि कशानं मेलं, याची नोंद, ग्रामपंचायतीचा किंवा पशुवैद्यकाचा दाखला आणि मालकाची सही एवढं हवंच. वाटेत गाडी अडवली गेली तर कामाला येईल तो हाच कागद.

जनावर अचानक दगावलं असेल, नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर त्याला सुरी लावू नका. तो फाशी, म्हणजे काळपुळीचा रोग असू शकतो. तो माणसाला होतो आणि त्याचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षं टिकतात. कातडं सोडा, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि ते सांगतील तसं पुरा. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत अकोला-बुलढाण्याकडे खूप जनावरं गेली. अशा साथीच्या काळात कातडं गोळा करायला जाऊ नये.

जनावर फरफटत नेऊ नका. मुरुमावरून ओढलेल्या कातड्यावर ओरखडे येतात आणि नेमका पाठीचा, सर्वांत चांगला भाग वाया जातो. बंडीवर किंवा ट्रॉलीत घालून न्या. उन्हाळ्यात चार-पाच तासांच्या आत सोलणं झालं पाहिजे. सोलणाऱ्याला कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, गमबूट आणि एप्रन हवंच, आणि कामाचे पैसे आधी ठरवून रोख द्यावेत. पिढ्यान्‌पिढ्या हे काम काही समाजांवर लादलं गेलं, त्यांनी ते सोडलं आणि ते योग्यच केलं. आज ते कुणी करणार असेल तर स्वतःच्या मर्जीनं, संरक्षण घेऊन आणि योग्य मोबदल्यात.

सोलल्यावर उरलेला देह उघड्यावर टाकू नये. डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांसाठी वापरायला २००६ पासून बंदी आहे, पण ते औषध दिलेल्या जनावरांची मढी खाऊन संपलेली गिधाडं अजून पुरती परतलेली नाहीत. उघड्यावरच्या मढ्यावर आता कुत्रीच जमतात. खोल पुरणं हाच मार्ग.

मीठ : सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रदूषण

कातडं टिकवण्यासाठी त्याच्या वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास मीठ चोळतात. २० किलोच्या कातड्याला हे ८ किलो झालं. भिजवणीत यातलं जवळजवळ सगळं पाण्यात उतरतं. जैविक प्रक्रियेनं, तुरटीनं किंवा गाळणीनं मीठ निघत नाही. एकदा विरघळलं की पाणी आटवणं हाच छोट्या केंद्राला परवडणारा उपाय उरतो. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या त्या भागात, विहिरींचं पाणी आधीच खारट आहे आणि काळ्या जमिनीत पाणी जिरत नाही. तिथे आणखी मीठ सोडणं म्हणजे शेजाऱ्याचं वावर नासवणं.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे मीठ लावूच नये. शेड जवळ असेल तर सोललेलं कातडं धुऊन त्याच दिवशी चुन्यात टाकता येतं. चार-पाच गावांचं सामाईक केंद्र म्हणतो ते याचसाठी. कातडं किती अंतरावरून येणार, यावरून त्याला मीठ लागणार की नाही ते ठरतं.

एक-दोन दिवस थांबावंच लागणार असेल तर थंडीत कातडं सावलीत ताणून वाळवा. आतली बाजू वर, खाली हवा खेळती आणि कडा खुंट्यांना बांधलेल्या. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवू नका. वरची कातडी कडक होते, आत ओल राहते आणि ती मधूनच सडते. भिजवल्यावर पापुद्रे सुटतात तेव्हा कळतं की कातडं गेलं.

मीठ लावलेलं कातडं आलंच तर पाण्यात टाकण्याआधी लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर उलटंपालटं करून जोरात झटका. मिठाचा चांगला वाटा कोरडाच खाली पडतो. तो गोणीत भरून कोरड्या जागी ठेवा. हे मीठ नव्या कातड्याला लावू नका, त्यातल्या जिवाणूंनी लाल डाग पडतात.

पाणी मागे फिरवा

पारंपरिक टॅनरीत एक किलो कच्च्या कातड्यामागे साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागतं. हे निम्म्यावर आणायला कुठलंही यंत्र लागत नाही, पाण्याचा क्रम बदलला की पुरे.

भिजवणीला तीन पिंप ठेवा. नवं, मळकं कातडं पहिल्या पिंपात, थोडं स्वच्छ झालं की दुसऱ्यात आणि शेवटी तिसऱ्यात. ताजं पाणी फक्त तिसऱ्या पिंपात घालायचं. कातड्यांची पुढची खेप आली की तिसऱ्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात, आणि पहिल्यातलं तेवढंच बाहेर. कातडं पुढे जातं, पाणी मागे येतं. चुन्याला आणि सालीच्या पाण्यालाही हाच क्रम.

हिशोब असा मांडा. प्रत्येक किलोमागे भिजवणीला ३ लिटर, चुन्याला ३, धुण्याला ३, चुना काढायच्या कोंड्याच्या आंबवणीला (ती पुढे येते) २ आणि सालीला ३, म्हणजे १४ लिटर. २० किलोच्या कातड्याला २८० लिटर. जुन्या पद्धतीत याच कातड्याला ६०० ते ८०० लिटर गेले असते. प्रत्येक हौदावर लिटरच्या खुणा रंगवा आणि वहीत रोज लिहा, नाहीतर पाइप सोडून चहाला जाण्याची सवय सुटत नाही.

खारट पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू देऊ नका. महिन्याला अशी १० कातडी असतील तर भिजवणीचं खारट पाणी सुमारे ६०० लिटर निघतं, म्हणजे दिवसाला २० लिटर. थंडीत रोज ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर ते आटवायला ५ चौरस मीटरचं उथळ, अस्तर घातलेलं टाकं पुरतं. खारं पाणी जरा सावकाश आटतं, म्हणून ८ चौरस मीटर करा. सगळं पाणी एकत्र झालं तर हेच टाकं २३ चौरस मीटरचं लागेल आणि तरी कमी पडेल. टाक्यात उरलेलं मळकं मीठ गोणीतल्या मिठाबरोबरच ठेवा. त्याची विल्हेवाट कुठे लावायची, हे मंडळाच्या संमतीपत्रात लिहून घ्या.

पावसाळ्यात हे टाकं भरून वाहतं. त्यामुळे भिजवणीचं आणि चुन्याचं काम दिवाळीच्या सुमारास सुरू करून होळीपर्यंत आटोपावं, उन्हाळ्यात टाकं कोरडं करून खरवडावं आणि जून ते सप्टेंबर फक्त शिवणकाम करावं. थंडीत कातडं लवकर सडत नाही, हा आणखी एक फायदा.

चुना, केस आणि मास

चुन्यात घालण्याआधीच आतल्या बाजूचं मास आणि चरबी खरडून काढा. त्याला चुना लागलेला नसला की ते शेणाच्या बायोगॅसमध्ये जातं किंवा कुटार आणि शेणाच्या थरांत कुजवता येतं. चुना लागल्यावर काढलं तर त्याचं काहीच धड करता येत नाही. शिवाय मास निघालं की चुना लवकर आत शिरतो आणि कमी लागतो.

केस काढायला कारखान्यांत चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड वापरतात. काम एका दिवसात होतं, पण केस विरघळून पाण्यात जातात आणि त्या पाण्याला आम्लाचा स्पर्श झाला की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. टाकीत उतरलेली माणसं या वायूनं मेल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत. गावच्या शेडमध्ये सल्फाइड नकोच. नुसत्या चुन्यानं आठवडा-दहा दिवस लागतात, म्हशीच्या जाड कातड्याला आणखी थोडे. तेवढं थांबावं.

चुना मात्र लोक गरजेपेक्षा फार घालतात. एक लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड-दोन ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. खर्च झालेल्याची जागा घ्यायला थोडा साठा हवा हे खरं, पण १०-१५ टक्के एकदम ओतण्यापेक्षा कातड्याच्या वजनाच्या ५-६ टक्क्यांनी सुरुवात करा आणि गरज पडली तर वाढवा. रोज एकदा कातडं बाहेर काढून हौद ढवळायचा आणि परत सोडायचं. हे ढवळणं चुकवलं की चुना कितीही घातला तरी केस सुटत नाहीत.

इथेही तीन हौद : जुना, मधला, नवा. जुन्या चुन्यात केसांची मुळं लवकर सैल होतात, म्हणून सुरुवात तिथून. फार जुना होऊन अमोनियाचा उग्र वास मारू लागला तर काढून टाका, नाहीतर कातडं पोचट होतं. केस हातानं, बोथट सुरीनं काढा, धुवा आणि खताच्या ढिगात टाका. ते सावकाश कुजतात, पण नत्र चांगलं देतात.

चुन्याच्या गाळाबद्दल एक सूचना, कारण त्यात हमखास गल्लत होते. पश्चिम विदर्भातली काळी जमीन मुळातच चुनखडीची आणि अल्कधर्मी असते. तिच्यात हा गाळ टाकला तर पऱ्हाटी पिवळी पडायला मदतच होईल. गाळ वाळवून ठेवा आणि पुढे सांगितल्याप्रमाणे सालीचं आंबट पाणी सौम्य करायला वापरा. दोन कचरे एकमेकांना मारतात. पूर्वेकडे, गडचिरोली-गोंदियाच्या तांबड्या, किंचित आम्लधर्मी जमिनीत थोडा गाळ चालू शकतो, पण आधी मातीची तपासणी करून घ्या.

कोंड्याची आंबवणी

आता कातड्यातला चुना काढायचा. कारखान्यात यासाठी अमोनियम सल्फेट वापरतात आणि सांडपाण्यात अमोनिया वाढतो. आपल्याकडे गव्हाचा कोंडा आहे. दोनदा स्वच्छ धुतलेलं कातडं कोमट पाण्यात, वजनाच्या ५ टक्के कोंडा घालून रात्रभर ठेवा. कोंडा आंबतो आणि त्यातलं सौम्य आम्ल चुना खाऊन टाकतं. जानेवारीत अमरावती-नागपूरची रात्र गार असते, तेव्हा हौदाला गोणपाट गुंडाळा. मार्चनंतर डोळ्यात तेल घालून बघा, काही तासांतच आंबवणी पुढे जाऊन कातड्याला बारीक भोकं पडू शकतात.

चुना गेला का, हे बघायला हळद पुरते. कातड्याच्या मानेकडच्या जाड भागाची कड कापा आणि ताज्या कापावर हळदीचं पाणी लावा. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे घराघरात ठाऊक आहे. मधली रेघ लाल झाली तर चुना शिल्लक आहे, पिवळी राहिली तर सालीकडे चला. वापरलेला कोंडा खताला.

साल कुठली आणि कुठून

बाभळीच्या सालीत टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं द्रव्य, साधारण १२ ते २० टक्के असतं, हिरड्यात ३० टक्क्यांच्या आसपास. अर्जुनाची आणि तरवडाची सालही चांगली. नुसत्या बाभळीनं चामडं घट्ट आणि लालसर होतं, हिरडा मिसळला की रंग उजळतो आणि चामडं थोडं मऊ पडतं. तळव्यासाठी बाभूळ जास्त, वरच्या पट्ट्यांसाठी हिरडा जास्त, असा ढोबळ नियम. शेळीच्या पातळ कातड्याला बाभळीच्या शेंगाही चालतात. फक्त उन्हाळ्यात त्या शेळ्यांच्या तोंडचा चारा असतात, तेव्हा गावात वाद होणार नाही इतक्याच घ्या.

उभ्या झाडाची साल चहूबाजूंनी काढली की झाड मरतं. सुटी साल विकणाऱ्याला ती कुठून आणली, हे विचारा. धुऱ्यावरच्या बाभळी औतासाठी, सरपणासाठी तोडल्या जातात. तोडलेल्या खोडाची आणि फांद्यांची साल सरपणाबरोबर जळून जाते, ती आधी विकत घ्यायची बोली करा. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात आणि झाड तुमच्यामुळे पडत नाही. तरवड हे झुडूप छाटलं की परत फुटतं, ते पडीक धुऱ्यांवर मुद्दाम लावण्यासारखं आहे. हिरडा मेळघाट, गडचिरोली आणि गोंदियाच्या जंगलात मिळतो. तो ग्रामसभांकडून घ्यावा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून अशा अनेक ग्रामसभा वनोपज स्वतः विकतात. दलालाऐवजी तिथे पैसा गेला तर ते झाड टिकवण्यात त्यांचं हित राहतं.

साल वाळलेली, बुरशी नसलेली हवी. कुटून भिजवा, उकळू नका. कढत पाण्यानं रंग गडद होतो आणि सरपणही जातं. वजनाचा अंदाज : चुन्यातून निघालेल्या ओल्या कातड्याच्या दीडपट ते दुप्पट बाभळीची साल, हिरडा घातला तर त्या मानानं कमी. पाणी शक्यतो पावसाचं साठवलेलं वापरा. बोअरच्या जड पाण्यातला चुना टॅनिन खातो आणि चामडं काळवंडतं. लोखंडी भांडं, खिळा, गंजलेली बादली यांना सालीच्या पाण्याजवळ येऊ देऊ नका. लोखंड लागलं की निळे-काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

सुरुवात नेहमी जुन्या, फिक्या पाण्यात. नवं कातडं थेट दाट पाण्यात टाकलं तर वरचा थर लगेच कमावला जातो, टॅनिनची वाट बंद होते आणि आत कच्चं राहतं. असं चामडं वाकवलं की तडकतं. बार्कोमीटर, म्हणजे सालीच्या पाण्याचा दाटपणा मोजायचं साधन, असेल तर १० अंशांच्या आसपास सुरू करून दर काही दिवसांनी वाढवत न्या. पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा हलवा, नाहीतर घड्यांवर पांढरे पट्टे राहतात. जाड कातड्याला महिना ते सव्वा महिना लागतो. अर्ध्यावर आल्यावर कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साल आणि पाणी भरून टांगण्याची जुनी पद्धत कमी दिवसांत काम करते. खाली ठिबकणारं पाणी पिंपात धरून परत वर ओतायचं, जमिनीवर एक थेंब नाही. पिशवी दोन-तीन दिवसांनी उलटी टांगा. शिवणीच्या कडा पुढे कापाव्या लागतात, त्या वाद्या करायला वापरा.

कमावलं गेलं का, हे बघायला परत कड कापा. आरपार एकसारखा तांबूस रंग हवा. मध्ये फिकट रेघ दिसली तर अजून थांबा. घाई केलेल्या याच चामड्याचे जोडे पहिल्या पावसात पोपडतात आणि मग सालीच्या चामड्याचं नाव खराब होतं.

थोडंसं धुऊन, ओलसर असतानाच दोन्ही बाजूंनी करंजाचं किंवा एरंडीचं तेल हलकं चोळा आणि सावलीत सावकाश वाळवा. काळा रंग हवा असेल तर दुकानातला रंग आणू नका. गंजलेलं लोखंड गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे ठेवा, गाळा आणि ब्रशनं लावा. इथे तेच लोखंड आणि टॅनिन एकत्र येऊन पक्का काळा देतात. पातळ हात द्या, नंतर खाण्याच्या सोड्याच्या फिक्या पाण्यानं पुसा आणि तेल लावा. जास्त लावलं तर चामडं कमकुवत होतं.

सालीचं पाणीही नाल्यात नको

टॅनिनचं पाणी दिसायला चहासारखं असलं तरी ते नाल्यात गेलं की पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं आणि मासे मरतात. नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातला मळ कुजताना किती प्राणवायू ओढतो त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो, सालीचं पाणी त्याच्या कितीतरी पट वर असतं. म्हणून सोडायचंच नाही, फिरवत राहायचं. संपूर्ण थकलेलं पाणी उरेल तेवढ्यात चुन्याचा जुना गाळ घाला, ढवळा आणि दोन दिवस बसू द्या. टॅनिनचा बराच भाग चुन्याबरोबर खाली बसतो. वरचं पाणी बाष्पीभवनाच्या वेगळ्या टाक्यात आणि गाळ वाळूच्या वाफ्यावर. निथळलेलं पाणी शेताला द्यायचा मोह होईल. प्रयोगशाळेचा अहवाल हातात असल्याशिवाय आणि मंडळाच्या संमतीपत्रात तसं लिहिल्याशिवाय देऊ नका. थकलेली साल मात्र वाळवून निर्धास्त जाळा किंवा खतात घाला.

चामडं विकत घेणाऱ्यांसाठी

व्यापारी सालीचं म्हणून क्रोमचं चामडं देतो, असंही होतं. कड कापून बघा. मध्ये निळसर-राखाडी झाक दिसली तर क्रोम. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. सालीचं चामडं लगेच आक्रसून कडक होतं, चांगलं कमावलेलं क्रोमचं तसंच राहतं. क्रोमचंच घ्यावं लागलं तर सहा-संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा, तपासणी अहवाल मागा. युरोपात त्याची मर्यादा २०१५ पासून किलोला ३ मिलिग्रॅम आहे, तीच आपणही धरावी.

क्रोमचे कापलेले तुकडे चुलीत किंवा वीटभट्टीत कधीही जाळू नका. जळताना साध्या क्रोमियमचं विषारी, कर्करोगकारक रूप तयार होऊ शकतं आणि ती राख मग भांडी घासायला जाते. सालीचे आणि क्रोमचे तुकडे पहिल्या दिवसापासून वेगळ्या गोण्यांत ठेवा. क्रोमची गोणी भरली की बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधेकडे कशी पाठवायची, हे मंडळाच्या विभागीय कार्यालयात विचारा.

जोडा शिवताना

सर्वाधिक बचत रापी, म्हणजे चामडं कापायची सुरी, लावण्याआधी होते. पुठ्ठ्याचे साचे करून चामड्यावर मांडा, उलटसुलट फिरवून जागा भरा, मगच कापा. पाठीचा घट्ट भाग तळव्याला, पोटाचा सैल भाग आतल्या अस्तराला आणि उरलेले तुकडे टाचेच्या थरांना. घुंगरमाळांचे पट्टे बारीक लांब तुकड्यांतून निघतात आणि पोळ्याआधी हातोहात जातात.

सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, हा शिवणाऱ्याच्या फुप्फुसांचा आणि नसांचा शत्रू आहे. त्यात टोल्युइन आणि हेक्झेनसारखी द्रावणं असतात. बंद खोलीत, उघडा डबा मांडीजवळ ठेवून काम करणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागतात. तळवा दोऱ्यानं किंवा वादीनं शिवा, म्हणजे गोंद लागतच नाही. शिवण्यापुरते थर धरून ठेवायला चिंचोक्याची किंवा मैद्याची खळ चालते. दोरा सुती घेऊन मधाच्या पोळ्याचं मेण लावा. जिथे गोंद हवाच तिथे पाण्यातला घ्या. तो सुकायला वेळ घेतो, म्हणून पावसाळ्यात दुपारच्या उन्हाची वेळ साधा.

खालच्या सोलला जुना टायर उत्तम. पऱ्हाटीच्या धसकटांवर आणि बाभळीच्या काट्यांवर त्याच्याइतकं काहीच टिकत नाही आणि तेवढे टायर जाळले जात नाहीत. नायलॉनचे टायर निवडा. रेडियल टायरमध्ये पोलादी तारा असतात, त्या कापताना हाताला आणि झिजल्यावर पायाला लागतात. सोल शिवलेला असला की झिजल्यावर उसवून नवा लावता येतो. वरचं चामडं चांगलं असेल तर एका जोड्याला तीन सोल सहज लागतात, म्हणजे दोन जोड्यांचं चामडं, मीठ आणि पाणी वाचलं. विकतानाच सोल बदलण्याचा दर सांगून ठेवा आणि गटईच्या टपरीवर तयार सोल मापानुसार टांगून ठेवा.

भांडवलासाठी संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांना अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजानं मिळतं. तंत्राचे प्रश्न असतील तर चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे.

आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट जरूर सांगा, विशेषतः यवतमाळकडच्या कापूस पट्ट्यात. फवारणीला जाताना चामड्याचा जोडा घालू नये. चामडं कीटकनाशक शोषून घेतं, ते धुऊन निघत नाही आणि पुढे रोज पायाला लागत राहतं. फवारणीला रबरी गमबूट, बाकीच्या कामांना चामड्याचा जोडा. फवारणीत भिजलेला जोडा दुरुस्तीला आला तर हातमोजे घालून घ्या, आणि चामडं चिंब भिजलेलं असेल तर त्याला नवा सोल लावू नका.